सापडलेला ठोका आणि न ठरलेला उपचार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत गेल्या आठवड्यात एट्रियल फिब्रिलेशन या हृदयाच्या ठोक्यांच्या विकारावर आलेला पानभर लेख मी दोनदा वाचला. मी ३४ वर्षे हृदयरोग विभागात ईसीजी तंत्रज्ञ म्हणून काम केले आणि निवृत्तीनंतर मलाच हा विकार जडला. त्यामुळे यंत्र लावणारी म्हणूनही आणि लावून घेणारी म्हणूनही तो माझ्या परिचयाचा आहे. मनगटावरचे घड्याळ ठोक्यांतला गोंधळ टिपते, जनुकीय चाचणी कित्येक वर्षे आधी धोका सांगते आणि संगणक साध्या आलेखातून उद्याचा आजार ओळखतो, ही लेखातली तिन्ही विधाने आपापल्या जागी बऱ्याच अंशी खरी आहेत. मात्र लेख वाचून वाचकाचा असा समज होतो की विकार सापडला म्हणजे काम झाले. खरी अडचण तिथून सुरू होते, आणि तिच्याविषयी लेखात अवाक्षर नाही, म्हणून हे पत्र. लेखातील एक वाक्य तर घातक आहे. त्याविषयी शेवटी लिहिते.

निरोगी हृदयात प्रत्येक ठोक्याची सुरुवात उजव्या कर्णिकेतल्या, म्हणजे वरच्या उजव्या कप्प्यातल्या, एका ठरावीक जागी होते आणि विजेची ती लहर वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत क्रमाने उतरते. या विकारात वरचे कप्पे मिनिटाला ३५० ते ६०० वेळा नुसते थरथरतात. खाली जाणाऱ्या वाटेवरची गाठ त्यांतले बहुतेक संदेश अडवते आणि काही सोडते, पण ती कोणता संदेश सोडेल याला काही ताळमेळ नसतो. पूर्वी आम्ही ईसीजी आलेखाची कागदी पट्टी वाचताना कंपासासारखे दोन टोकांचे कॅलिपर शेजारच्या दोन उंच शिखरांवर ठेवत असू आणि तेच अंतर धरून पुढे सरकवत नेत असू. निरोगी पट्टीवर टोके पुढच्या प्रत्येक शिखरावर जवळजवळ अचूक बसतात. या विकाराच्या पट्टीवर ती बसता बसत नाहीत, आणि शिखराआधीचा छोटा गोल उंचवटा नाहीसा होऊन तिथे पाण्यावरच्या तरंगांसारखी बारीक रेघ दिसते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी माझा आलेख काढला गेला, तेव्हा तिथल्या तरुण तंत्रज्ञ मुलीने पट्टी फाडून हातात घेण्याआधीच मी ती रेघ ओळखली होती. मला ना धडधड होती, ना दम लागत होता. हा विकार अनेकांच्या बाबतीत असाच मुकाट असतो.

त्याची भीती धडधडीमुळे नाही. डाव्या कर्णिकेला अंगठ्याएवढी एक पिशवी असते. कर्णिका नीट आकुंचन पावत नसली की तिच्यात रक्त रेंगाळते आणि गुठळी धरते. झडपांचा आजार नसलेल्या रुग्णांत डाव्या कर्णिकेतल्या दर दहा गुठळ्यांपैकी सुमारे नऊ या पिशवीतच आढळतात. अशी गुठळी सुटून मेंदूकडे गेली की पक्षाघाताचा झटका येतो, आणि एट्रियल फिब्रिलेशनमुळे त्याचा धोका सुमारे पाचपट होतो. वॉरफॅरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी हा धोका जवळजवळ दोन-तृतीयांशाने कमी करते. हे साधे गणित मनात ठेवूनच पुढची सगळी यंत्रे आणि चाचण्या तपासायला हव्यात, असे मला वाटते.

ठोके दुरून टिपण्याची कल्पना काही आजची नाही. विलेम आइन्थोव्हेन यांचे यंत्र इतके अवजड होते की ते रुग्णाजवळ नेणे अशक्य होते. म्हणून त्यांनी रुग्णालयापासून सुमारे दीड किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेपर्यंत टेलिफोनच्या तारेवरून रुग्णांचे आलेख आणवले आणि १९०६ साली ते प्रसिद्ध केले. या विकाराचा आलेखही त्यांत होता. नॉर्मन होल्टर यांचे चालत्याफिरत्या माणसाचे ठोके टिपणारे पहिले यंत्र पाठीवर बांधायचे होते आणि त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते. मी नोकरीला लागले तेव्हा त्यांच्याच नावाचे, कॅसेटवर नोंद करणारे यंत्र रुग्णाच्या कमरेला बांधावे लागे आणि त्याने चोवीस तास आंघोळ करू नये हे त्याला परत परत बजावावे लागे. आता छातीवर चिकटवायची पट्टी दोन आठवडे राहते, त्वचेखाली बसवायचा काडीएवढा नोंदक काही वर्षे चालतो आणि घड्याळ तर हातातून निघतच नाही. चोवीस तासांच्या नोंदीत जे निसटून जायचे ते आता सापडते, याचा आनंद माझ्याइतका क्वचितच कोणाला झाला असेल.

पण यंत्र बदलले तसा आजारही थोडा बदलला, आणि ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. वॉरफॅरिनची उपयुक्तता ज्या मोठ्या चाचण्यांत सिद्ध झाली, त्यांतल्या रुग्णांचा विकार दहा सेकंदांच्या साध्या आलेखात दिसत होता. म्हणजे तो त्यांच्यात बहुधा सतत किंवा वारंवार असणार. पक्षाघाताचा धोका मोजण्यासाठी डॉक्टर वय, रक्तदाब, मधुमेह, हृदयाची कमजोरी, पूर्वीचा पक्षाघात वगैरेंचे गुण मिळवून चॅड्स-व्हॅस्क नावाचा जो गुणांक काढतात, तोही अशाच रुग्णांवर बेतलेला आहे. वर्षभर छातीत नोंदक ठेवून ज्याच्यात एके रात्री या विकाराचा आठ मिनिटांचा एकच झटका सापडला, त्यालाही आपण त्याच नावाने ओळखतो. घड्याळाच्या वा पट्टीच्या आलेखावर ३० सेकंद विकार दिसला तर निदान मान्य होते. ही ३० सेकंदांची रेषा तज्ज्ञांनी सोयीसाठी आखली आहे, तिथे शरीरात काही उलथापालथ होते म्हणून नाही.

याचा परिणाम डेन्मार्कमधल्या लूप नावाच्या चाचणीत स्पष्ट दिसला. ७० ते ९० वर्षे वयाच्या, रक्तदाब किंवा मधुमेहासारखा एखादा धोका असलेल्या ६,००४ लोकांपैकी एका गटाला त्वचेखाली नोंदक बसवला आणि बाकीच्यांची नेहमीप्रमाणे काळजी घेतली. नोंदक असलेल्यांपैकी ३१.८ टक्के लोकांत हा विकार सापडला, दुसऱ्या गटात १२.२ टक्के. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्याही पहिल्या गटात दुपटीहून अधिक लोकांना सुरू झाल्या. आता पक्षाघातही त्याच मानाने घटायला हवे होते. ते घटले सुमारे पाचव्या हिश्शाने, आणि तेवढी घट निव्वळ योगायोगाची असण्याची शक्यताही संख्याशास्त्राला नाकारता आली नाही. हे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. २०२३ साली अशा यंत्रांतच सापडलेल्या अल्पकालीन विकारावर आणखी दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. एका चाचणीत गोळीने फारसे काही साधत नाही असे दिसल्याने ती मुदतीआधी थांबवण्यात आली. दुसरीत ४,०१२ रुग्ण होते; गोळीने पक्षाघात कमी झाले, पण मुळात ते वर्षाला शंभरात एकाच्या आसपासच होते, आणि गंभीर रक्तस्राव वाढले. म्हणजे यंत्राने दाखवलेल्या प्रत्येक झटक्याला गोळी हे उत्तर नाही आणि प्रत्येक झटक्याकडे दुर्लक्ष हेही नाही. झटका किती वेळ टिकला, माणसाचे वय काय, पूर्वी पक्षाघात झाला आहे का, पोटातून किंवा लघवीतून रक्त जाते का, हे सगळे समोर मांडून कोणीतरी बसून ठरवायचे असते. ते ठरवायला लागणारा अर्धा तास कोणत्याही घड्याळात येत नाही.

घड्याळांच्या बाबतीत आणखी एक विसंगती मला खटकते. अ‍ॅपलच्या घड्याळाचा जो प्रचंड अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला, त्यात ४,१९,२९७ लोक होते. त्यांपैकी अनियमित ठोक्यांची सूचना आली ती फक्त ०.५२ टक्के लोकांना. पासष्टी ओलांडलेल्यांत हे प्रमाण ३.१ टक्के, चाळिशीच्या आतल्यांत ०.१६ टक्के. सूचना आल्यावर ज्यांनी छातीवरची पट्टी लावून परत पाठवली, त्यांच्यापैकी ३४ टक्के लोकांत पट्टीवर विकार दिसला. बाकीच्यांचे घड्याळ खोटे बोलले असे नाही, कारण विकार येतो आणि जातो. पण ते खरे होते असेही म्हणता येत नाही. हा आजार वयाबरोबर वाढतो आणि घड्याळे घालतात प्रामुख्याने तरुण. आमच्याकडे एक तिशीतले गृहस्थ महिन्यातून दोनदा येत. घड्याळावर 'अनिर्णीत' असा शेरा आला की त्यांची झोप उडे, आणि झोप उडाली की ठोके वाढत. दरवेळी त्यांच्या पट्टीवर अधूनमधून पडणारे जादा ठोके दिसत, जे निरोगी माणसालाही असतात. त्याच बाकावर, एके सकाळी, उजवा हात निर्जीव झालेल्या एक आजी बसल्या होत्या. त्यांच्या नाडीला कित्येक वर्षांत कोणी दोन बोटे लावली नव्हती. पट्टी काढायला मला एक मिनिट लागले आणि विकार पहिल्याच ओळीत होता.

संगणकाच्या बाबतीत मी मात्र लेखकाच्या उत्साहात सामील आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी सुमारे एक लाख ऐंशी हजार रुग्णांचे साडेसहा लाख आलेख संगणकाला दाखवले आणि ज्या आलेखात ठोके अगदी नियमित आहेत, त्यावरूनही हा विकार त्या माणसाला अधूनमधून होतो का हे तो बऱ्यापैकी ओळखू लागला. २०१९ साली हे वाचले तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला. 'नॉर्मल' असा शिक्का मारून मी आयुष्यभर ज्या हजारो पट्ट्या फायलीत सारल्या, त्यांत माझ्या डोळ्यांना न दिसणारे काहीतरी लिहिलेले होते तर! तरीही संगणक जे देतो तो संशय असतो, निदान नसते. त्याचा योग्य उपयोग छातीवरची पट्टी कोणाला लावायची हे निवडण्यासाठी आहे.

आता जनुकांकडे वळते, कारण लेखाचा अर्धा भाग त्यांनी व्यापला आहे आणि खरोखर रोचक गोष्ट लेखकाने तिथेच सोडून दिली आहे. एकाच घरातल्या तीन भावांना हा विकार असल्याची नोंद १९४३ साली झाली होती, पण त्यामागचे पहिले जनुक सापडायला २००३ साल उजाडले. चीनमधल्या एका कुटुंबाच्या चार पिढ्यांत तो आढळला आणि दोष निघाला केसीएनक्यू१ या जनुकात, जे हृदयाच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर सोडणाऱ्या दाराचा भाग बनवते. त्या कुटुंबात हे दार गरजेपेक्षा जास्त उघडे राहत होते. हेच दार नीट उघडले नाही तर दीर्घ क्यूटी नावाचा वेगळा, तरुणपणी अचानक मृत्यू ओढवणारा विकार होतो. एकाच जनुकातल्या उलटसुलट बिघाडांनी दोन निराळे आजार होतात, हे समजल्यावर 'अमक्या आजाराचे जनुक' ही भाषा किती कच्ची आहे ते कळते.

त्याहून विलक्षण कथा आहे ती चौथ्या गुणसूत्राची. १९९८ साली फ्रान्समधील बोर्दो येथे मिशेल हायसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५ रुग्णांच्या हृदयात तारा घालून, विकार सुरू करणारे ठोके नेमके कुठून उठतात ते शोधले. त्यांना अशा ६९ जागा सापडल्या, आणि त्यांतल्या ६५ हृदयात नव्हत्या, तर फुप्फुसांकडून डाव्या कर्णिकेत येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी होत्या. हृदयाच्या स्नायूची बाही त्या शिरांत थोडी आत शिरलेली असते आणि ठिणगी तिथे पडते. पुढे २००७ साली आइसलँडमधील संशोधक सर्वस्वी वेगळ्या वाटेने निघाले. त्यांनी हजारो लोकांचे जनुकसंच नुसते ताडून पाहिले, हृदयाला हातही लावला नाही, आणि त्यांचे बोट चौथ्या गुणसूत्रावर पीआयटीएक्स२ या जनुकाच्या शेजारी येऊन थांबले. गर्भात शरीराची डावी बाजू डावी होते ती या जनुकामुळे, आणि त्याच फुप्फुसशिरांतली स्नायूची बाही घडवण्यातही त्याचा हात असतो. एकाने तार घालून आणि दुसऱ्याने रक्ताचा थेंब तपासून नऊ वर्षांच्या अंतराने एकाच दाराशी पोहोचावे, हे मला कोणत्याही घड्याळापेक्षा थक्क करणारे वाटते. या शिरांभोवती डाग देऊन त्यांचा विद्युतसंबंध तोडणे, म्हणजेच अ‍ॅब्लेशन, हा आज या विकारावरचा प्रमुख उपचार आहे.

यानंतर जनुकांच्या जागा भराभर सापडत गेल्या. २०१८ साली ६५ हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासातून अशा ९७ जागा नोंदल्या गेल्या. त्यांतली प्रत्येक जागा धोका किंचितच वाढवते. म्हणून त्या सगळ्यांची बेरीज करून एक गुणांक काढतात आणि लेखात ज्या चाचणीची भलामण आहे ती हीच. या गुणांकाने सुमारे सहा टक्के लोकांचा धोका इतरांच्या तिप्पट असल्याचे दाखवता येते, हे खरे आहे. परंतु हे गुणांक प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बांधलेले असल्याने इतर वंशांच्या लोकांत ते तितके नेमके उतरत नाहीत, हे लेखात यायला हवे होते. शिवाय अहवालात 'धोका जास्त' असे आले तर माणसाने करायचे काय? रक्तदाब आटोक्यात ठेवायचा, वजन उतरवायचे, घोरताना श्वास अडकत असेल तर त्यावर उपचार घ्यायचे, दारू सोडायची. आणि 'धोका कमी' असे आले तरी हेच करायचे. आईवडिलांना किंवा भावंडांना हा विकार होता का, एवढे विचारल्यानेही धोक्याचा बराच अंदाज येतो. माझ्या उमेदीच्या काळात केसपेपरवर त्यासाठी एक ओळ असे, आणि ती बहुतेक वेळा कोरी राही.

याचा अर्थ जनुकीय चाचणी निरुपयोगी आहे असा कोणी काढू नये. ती कोणासाठी आहे, हा प्रश्न आहे. माझ्यासारखीला सत्तरीच्या उंबरठ्यावर, रक्तदाबाच्या जोडीने हा विकार झाला तर जनुके तपासून हाती काही लागत नाही. तोच विकार पंचविशीत झाला तर गोष्ट वेगळी. वयाच्या ६६ वर्षांआधी निदान झालेल्या १,२९३ रुग्णांचे जनुकसंच तपासल्याचा जो अभ्यास २०२१ साली आला, त्यात सुमारे १० टक्के रुग्णांत हृदयविकाराशी निश्चित जोडता येईल असा दोष मिळाला. तिशीच्या आत निदान झालेल्यांत हे प्रमाण १६.८ टक्के होते. यांतले बरेच दोष टायटिनचे होते. टायटिन हे स्नायूतल्या स्प्रिंगसारखे काम करणारे, माणसाच्या शरीरातले सर्वांत मोठे प्रथिन. अशा तरुणात ठोक्यांचा गोंधळ हे पुढे होणाऱ्या हृदयस्नायूच्या आजाराचे पहिले लक्षण असू शकते. लॅमिन नावाच्या प्रथिनाचे जनुक बिघडलेले असेल तर ठोके आधी मंदावतात, मग विस्कटतात आणि काही घरांत अचानक मृत्यू होतात. तिथे वेळेवर शॉक देणारे यंत्र बसवल्याने जीव वाचतो. म्हणूनच पंचेचाळिशीच्या आत, दुसरे काही कारण नसताना हा विकार झालेल्यांनी जनुकीय समुपदेशन आणि चाचणीचा विचार करावा, असे अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञांच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे.

दीर्घ क्यूटीसारख्या आनुवंशिक विकारांत तर चाचणी उपचाराची दिशा ठरवते. एका प्रकारात पोहताना किंवा धावताना धोका असतो, दुसऱ्यात अचानक झालेल्या आवाजाने, म्हणजे गजराच्या घड्याळाने किंवा टेलिफोनच्या घंटीने, आणि तिसऱ्यात झोपेत. पहिल्या प्रकारात बीटा ब्लॉकर ही ठोके संथ करणारी गोळी फार चांगली लागू पडते. कोणते जनुक बिघडले हे एकदा कळले की काय टाळायचे ते कळते, कोणती अँटिबायोटिक घ्यायची नाहीत ते कळते आणि भावंडांपैकी कोणाला ते आले आहे व कोणाला नाही हे रक्ताच्या एका नमुन्यात सांगता येते. दोष एका पालकाकडून आला असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी असते. ज्याला तो आला नाही त्याची आयुष्यभराची धास्ती एका कागदाने संपते. तंत्रज्ञानाचा याहून थेट उपकार मी पाहिलेला नाही.

मात्र त्या कागदावर काय लिहिलेले आहे, हे वाचून दाखवणारे माणूस हवे. माझ्या नात्यातल्या सत्तावीस वर्षांच्या मुलाला हा विकार झाला तेव्हा त्याने स्वतःच एका प्रयोगशाळेला नमुना पाठवला. अठरा पानांचा अहवाल मोबाईलवर आला. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत एका जनुकातला बदल लिहिलेला होता आणि अकराव्या पानावर बारीक अक्षरांत त्याचा अर्थ अनिश्चित असल्याचे म्हटले होते. घरातल्यांनी पहिलेच पान वाचले. मुलाचा व्यायाम बंद झाला, बहिणीच्या लग्नाची बोलणी लांबली, आईने देवघर सोडले नाही. चार महिन्यांनी जनुकतज्ज्ञ बाईंनी त्या बदलाचा अर्थ उलगडून सांगितला: असा बदल निरोगी लोकांतही दिसतो, त्यावरून कोणताही निर्णय घेऊ नये, हृदयाची सोनोग्राफी दर दोन-तीन वर्षांनी करावी. हे बोलणे पंचवीस मिनिटांत संपले. चाचणीच्या आधीच ते झाले असते तर चार महिने वाचले असते.

औषधांच्या जनुकांवर लेखात भर दिला आहे, पण तो थोडा शिळा झाला आहे. वॉरफॅरिन कोणाला किती लागेल हे सीवायपी२सी९ आणि व्हीकेओआरसी१ या दोन जनुकांवर बरेच अवलंबून असते, हे खरे. पण जनुके पाहून मात्रा ठरवण्याच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल २०१३ साली एकाच वेळी आले आणि एकमेकांशी जुळले नाहीत. एकीत तर कृष्णवर्णीय रुग्णांना या पद्धतीने तोटाच झाला, कारण त्यांच्यात वेगळे जनुकीय बदल महत्त्वाचे असतात आणि सूत्रात ते धरलेले नव्हते. तोवर दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, तपासण्याची गरज नसलेल्या नव्या गोळ्या आल्या आणि वाद मागे पडला. एक अपवाद लक्षात ठेवण्याजोगा आहे. संधिवाती तापाने झडप आवळलेल्या रुग्णांत २०२२ सालच्या मोठ्या चाचणीत जुन्या पद्धतीची गोळीच नव्या गोळीपेक्षा सरस ठरली. अशा रुग्णाने शेजाऱ्याची नवी गोळी पाहून आपली बदलून मागू नये.

उपचारांच्या यंत्रांतही मोठी मजल मारली गेली आहे. पूर्वी शिरांच्या तोंडाशी उष्णतेने किंवा गोठवून डाग देत. आता अतिसूक्ष्म काळाचे विजेचे झटके देऊन फक्त हृदयस्नायूच्या पेशी निकामी करता येतात आणि मागेच असलेल्या अन्ननलिकेला इजा होण्याचा धोका खूप घटतो. पण ऑस्ट्रेलियात ३५५ स्थूल रुग्णांच्या पाहणीत ज्यांनी दहा टक्के किंवा अधिक वजन उतरवले, त्यांची विकारमुक्त राहण्याची शक्यता इतरांच्या सहापट होती, आणि तिथल्याच दुसऱ्या चाचणीत नियमित दारू पिणाऱ्यांपैकी ज्यांनी ती सोडली त्यांच्यात विकार परतण्याचे प्रमाण ५३ टक्के होते, न सोडणाऱ्यांत ७३. या दोन्ही बातम्यांना कधी पानभर जागा मिळाल्याचे मला आठवत नाही.

पट्टी सुधारणे आणि माणूस सुधारणे यांत किती अंतर असू शकते हे मी नोकरीला नवी असतानाच शिकले. हृदयविकाराच्या झटक्यानंतर पडणारे जादा ठोके घातक समजले जात आणि ते दाबणाऱ्या गोळ्या दिल्या जात. त्या सुरू झाल्या की आमच्या पट्ट्या सुरेख, स्वच्छ निघत. आम्ही त्या कौतुकाने डॉक्टरांना दाखवत असू. मग अमेरिकेतील कास्ट चाचणीचे निकाल आले. गोळी घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ मरण पावले होते आणि नुसती साखरेची गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. त्या स्वच्छ पट्ट्या माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाहीत. नव्या यंत्राची बातमी वाचली की मी पहिल्यांदा शोधते ते हेच, की त्याने पक्षाघात किंवा मृत्यू कमी झाले का. 'किती अचूक पकडले' हा आकडा नंतर पाहते. आपल्या लेखात अचूकतेचे आकडे सहा आहेत आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर कुठेच नाही.

माझी स्वतःची गोळी सकाळी आठ आणि रात्री आठ वाजता असते. ती सुटली की तिचा परिणाम काही तासांतच ओसरतो आणि मला काहीही जाणवत नाही. म्हणूनच ती सुटते. हा विकार ठाऊक असूनही 'आता बरे वाटते' म्हणून गोळी परस्पर बंद केलेल्या आणि मग पक्षाघाताचा झटका येऊन आमच्या विभागात आलेल्या माणसांची संख्या मी कधी मोजली नाही. मोजायला हवी होती. त्यांच्यासाठी नवे यंत्र लागत नव्हते; निदान झाल्या दिवशी ही गोळी कशासाठी आहे आणि किती काळ घ्यायची आहे, हे कोणीतरी समोर बसून सांगायला हवे होते.

आता त्या वाक्याकडे येते. घड्याळाच्या आलेखाने 'हृदयविकाराचा झटका वेळीच ओळखता येतो' असे आपल्या लेखात छापले आहे. ते चूक आहे. घड्याळातला आलेख एकाच दिशेने काढलेला असतो आणि तो ठोक्यांची लय पाहण्यासाठी आहे. हृदयाची रक्तवाहिनी तुंबल्याची खूण शोधायला छातीवर आणि हातापायांवर दहा जोडण्या लावून बारा दिशांचा आलेख काढावा लागतो, आणि तोही कधी कधी परत परत. हे घड्याळ बनवणारी कंपनीही घड्याळ झटका ओळखत नाही असे स्पष्ट बजावते. छातीत दाबल्यासारखे दुखत असताना घड्याळावर 'लय नियमित' असे आले म्हणून कोणी घरी थांबले, तर गेलेला वेळ परत मिळत नाही. कृपया ही दुरुस्ती पुढच्या अंकात, लेख जितक्या मोठ्या अक्षरांत छापला तितक्याच मोठ्या अक्षरांत, पहिल्या पानावर छापावी ही विनंती.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त ईसीजी तंत्रज्ञ
(नाव प्रसिद्ध करू नये)